बेराची चौकट

बाबांचा एक नियम होता. अंपायरकडे बघितल्याशिवाय पेन कागदाला टेकवायचं नाही. मधला स्टंप उडून पार विकेटकीपरच्या पायाशी गेला तरी नाही. "नोबॉल असला तर?" एवढंच म्हणायचे.

बाबा नोकरीने बँकेत कारकून आणि पावसाळ्यातल्या रविवारी कांगा लीगमध्ये एका क्लबचे स्कोअरर. आझाद मैदानावर टेंटच्या कडेला एक डगडगणारं टेबल, त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेलं स्कोअरबुक, आणि शेजारी समोरच्या टीमचा स्कोअरर मांडीला मांडी लावून बसलेला. षटक संपलं की दोघांनी आकडे सांगायचे, जुळले की पुढे. याला टॅली म्हणायचे. मी सहावी-सातवीत असल्यापासून त्यांच्याबरोबर जायचे. आधी नुसती ग्लुकोजची बिस्किटं खायला, मग टॅली करायला, आणि बाबांचे डोळे अधू झाल्यावर त्यांच्या जागी.

मला क्रिकेटचं वेड होतं असं नाही. वेड होतं ते लिहिण्याचं. इतका आरडाओरडा, चिखल, भांडणं, आणि कागदावर फक्त एक बारीकसा ठिपका. ते मला फार आवडायचं.

पुढे लग्न होऊन न्यू जर्सीत आले आणि दहाएक वर्षं बेसबॉलला नाक मुरडण्यात घालवली. कुणी धावत नाही, सगळे तंबाखू नाहीतर सूर्यफुलाच्या बिया चघळत उभे, मधूनच एकजण दांडका फिरवतो आणि चेंडू लागतच नाही. हे तीन तास कोण बघणार? मग एका उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या पायऱ्यांवर वरच्या मजल्यावरचे गृहस्थ रेडिओ लावून बसलेले दिसले. मांडीवर पाटी, पाटीवर कागद, कागदावर चौकटी आणि हातात पेन्सिल. मी वाकून बघितलं. प्रत्येक फलंदाजाला प्रत्येक इनिंगसाठी एक चौकट, चौकटीत एक छोटासा शंकरपाळा, आणि त्यात आकडे. शंकरपाळ्याचे चार कोपरे म्हणजे धावताना गाठायचे चार बेस; जितके गाठले तितक्या बाजू काळ्या, चारही झाल्या की धाव. मैदानावरच्या नऊ जागांना नऊ क्रमांक: चेंडू टाकणारा पिचर १, विकेटकीपरसारखा मागे बसणारा कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून उजवीकडे सीमेकडचे तिघे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसकडे फेकला आणि फलंदाज बाद झाला, तर लिहायचं ६-३. बस्स. मी तिथेच पायरीवर बसले.

हे गृहस्थ म्हणजे आमच्या घरातले 'वरचे आजोबा'. हे नाव माझ्या मुलीने ठेवलं. ऐंशीला टेकलेले, जन्म ब्रुकलिनमधल्या फ्लॅटबुशचा. त्यांच्याकडूनच कळलं की या कागदाचा मूळ पुरुष आपल्यापैकीच निघाला. हेन्री चॅडविक. १८२४ मध्ये इंग्लंडमधल्या एक्झिटरला जन्मलेला, लहानपणीच ब्रुकलिनला आलेला, वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा माणूस. त्याने क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर बेसबॉलचा बॉक्स स्कोअर रचला. फलंदाज तिसऱ्यांदा चुकून बाद झाला की 'के' लिहायची पद्धतही त्याचीच. 'स्ट्रक' या शब्दाचं शेवटचं अक्षर, कारण 'एस' आधीच दुसऱ्या कामाला लागलेलं होतं. १९०८ मध्ये तो ब्रुकलिनलाच गेला, ग्रीन-वूड स्मशानभूमीत त्याची समाधी आहे. म्हणजे आझाद मैदानावरच्या आमच्या टेबलाचं आणि या पायरीवरच्या पाटीचं नातं चुलत-मावसच म्हणायचं. मला फार बरं वाटलं. परदेशात अचानक गाववाला भेटावा तसं.

ओळख पुरती मुरल्यावर, तिसऱ्या की चौथ्या उन्हाळ्यात, आजोबांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली आणला. आत पिवळी पडलेली पानं. सगळ्यात वर होतं ते गणिताच्या वहीचं पान, पट्टीने आखलेलं, रेघा एका बाजूला तिरक्या होत गेलेल्या. वर तारीख: ४ ऑक्टोबर १९५५. ते तेव्हा नऊ वर्षांचे होते. मंगळवार होता, शाळा होती, आणि त्यांना ताप होता. ताप आलेला होता की आणलेला, हे ते अजून सांगत नाहीत.

त्या पानाच्या मधोमध एक भोक होतं.

भोकाकडे येण्याआधी थोडं मागे जावं लागेल, कारण ते एका दुपारीत पडलेलं नाही.

ब्रुकलिन हे १८९८ पर्यंत स्वतःचं वेगळं शहर होतं. मग ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झालं, आणि ब्रुकलिनवाल्यांच्या बोलण्यावरून वाटतं की त्यांना कुणी नीट विचारलं नव्हतं. मॅनहॅटन म्हणजे पैसा, उत्तरेकडच्या ब्राँक्समध्ये यांकी स्टेडियम, आणि नदीपलीकडे हे, ट्रॅमच्या रुळांनी भरलेलं. त्यांच्या संघाचं नावच मुळी त्यावरून पडलं. ट्रॅम चुकवत रस्ता ओलांडणारे ते डॉजर्स. एबेट्स फील्ड हे त्यांचं मैदान १९१३ मध्ये गल्ल्यांच्या मधोमध कोंबलेलं. तिथे हिल्डा चेस्टर नावाची बाई गाईच्या गळ्यातली घंटा वाजवत बसायची. प्रेक्षकांतलं एक बेसूर बँडपथक अंपायरला वात आणायचं. उजवीकडच्या स्कोअरबोर्डाखाली एब स्टार्क नावाच्या कापड दुकानदाराची पाटी होती: या पाटीला चेंडू मारा, कोट-पँटचा सूट मिळवा. (हा स्टार्क पुढे ब्रुकलिनचा बरो प्रेसिडेंट झाला. पाटीचा खर्च वाया गेला नाही.) वर्तमानपत्रातल्या एका व्यंगचित्रकाराने डॉजर्सचं चित्र काढलं ते फाटक्या कपड्यातल्या भणंगाचं, आणि ब्रुकलिनने ते कौतुकाने आपलं म्हटलं. आमचे भणंग.

आणि यांकीज? १९५५ च्या आधी सोळा वेळा जगज्जेते. १९४९ ते १९५३ तर सलग पाच वर्षं. दोन्ही मैदानांच्या मध्ये फक्त भुयारी रेल्वे. म्हणून या मालिकांना सबवे सिरीज म्हणायचे. दूर देशीच्या संघाकडून हरणं वेगळं. तो विमानात बसून निघून जातो. इथे ज्याने हरवलं त्याचा पाठीराखा दुसऱ्या दिवशी कामावर शेजारच्या टेबलाशी बसलेला असतो, आणि जाताना त्याच डब्यात कडीला लटकलेला.

डॉजर्स यांकीजकडून अंतिम मालिका हरले ते १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ मध्ये. नुसते हरले असते तर चाललं असतं. पण कसे? १९४१ मध्ये चौथ्या सामन्यात, नवव्या इनिंगमध्ये दोन बाद, डॉजर्स ४-३ ने पुढे. यांकीजच्या टॉमी हेनरिकने दांडका फिरवला, चेंडू चुकला, तिसरा स्ट्राइक. संपलं! पण कॅचर मिकी ओवेनच्या हातून चेंडू निसटून मागे गेला, नियमाप्रमाणे हेनरिक धावत पहिल्या बेसवर पोचला, आणि बघता बघता यांकीज ७-४ ने जिंकले. १९५२ मध्ये पहिल्या बेसवरचा गिल हॉजेस, ब्रुकलिनचा लाडका, सात सामन्यांत एकवीस वेळा प्रयत्न करून एकदाही हिट, म्हणजे बेसवर पोचवणारा फटका, मारू शकला नाही. पुढच्या वर्षीही त्याची बॅट गप्पच राहिली तेव्हा एका पाद्र्याने उकाडा फार आहे म्हणून प्रवचन रद्द केलं आणि लोकांना सांगितलं, घरी जा, आज्ञा पाळा आणि हॉजेससाठी प्रार्थना करा. त्याच वर्षी बिली मार्टिनने शेवटच्या सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये हिट मारून पुन्हा यांकीजनाच जिंकून दिलं.

ब्रुकलिनमध्ये दर ऑक्टोबरला एक वाक्य ठरलेलं. थांबा, पुढचं वर्ष येऊ दे. आजोबा म्हणतात, त्यांच्या घरात हे बेसबॉलपुरतं नव्हतं. भाड्याचं, मामाच्या लग्नाचं, सगळ्याचं उत्तर तेच.

१९५५ ची मालिकाही तशीच सुरू झाली. यांकी स्टेडियमवर पहिले दोन सामने, दोन्ही हरले. यापूर्वी सात सामन्यांच्या मालिकेत पहिले दोन हरून कुणी जिंकलेलं नव्हतं. पण पहिल्या सामन्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. आठवी इनिंग, डॉजर्स ६-४ ने मागे, जॅकी रॉबिन्सन तिसऱ्या बेसवर. हाच तो रॉबिन्सन, ज्याने १५ एप्रिल १९४७ ला डॉजर्सतर्फे मैदानावर पाऊल टाकून मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडली. आता तो ३६ वर्षांचा, केस पिकायला लागलेले, अंग सुटलेलं. पिचर व्हाइटी फोर्ड चेंडू टाकायच्या तयारीत, आणि रॉबिन्सन सरळ होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाजाच्या पायाशी असलेल्या शेवटच्या बेसकडे, धावत सुटला. कॅचर योगी बेराने चेंडू झेलून हातमोजा खाली आणला, धूळ उडाली, अंपायर बिल समर्सने हात पसरले. बाद नाही. बेरा समर्सच्या अंगावर धावून गेला, नाचला, ओरडला. तो २०१५ मध्ये गेला, आणि तोवर साठ वर्षं म्हणत राहिला की रॉबिन्सन बाद होता.

छायाचित्रं मी पुष्कळ वेळा बघितली आहेत. मला सांगता येत नाही. आजोबांना विचारलं तर त्यांनी पेन्सिलीनेच शंकरपाळा दाखवला. चारही बाजू काळ्या केलेल्या, मधे एक धाव. "अंपायर म्हणाला," ते म्हणाले. मला बाबा आठवले.

मग सामने एबेट्स फील्डवर आले आणि डॉजर्सनी तिन्ही मारले. तिसरा जिंकून दिला पिचर जॉनी पॉड्रेसने, नेमका आपल्या तेविसाव्या वाढदिवशी. लोखंडाच्या खाणीत काम करणाऱ्या बापाचा हा पोरगा. त्या मोसमात त्याने जिंकलेले सामने ९ आणि हरलेले १०. ड्यूक स्नायडरने मालिकेत चार होम रन ठोकले. सहाव्या सामन्यासाठी पुन्हा यांकी स्टेडियम, पुन्हा व्हाइटी फोर्ड, ५-१ अशी धूळधाण. तीन-तीन.

सातवा सामना. यांकी स्टेडियमवर ६२,४६५ माणसं. पिचर पुन्हा पॉड्रेस.

आजोबांच्या पानावर पहिली मजेशीर नोंद आहे ती तिसऱ्या इनिंगची. यांकीजचे दोन बाद, रिझूटो दुसऱ्या बेसवर, मार्टिन पहिल्यावर. मॅकडूगल्डने मारलेला चेंडू टप्पे घेत तिसऱ्या बेसकडे गेला आणि तिकडेच घसरत येणाऱ्या रिझूटोला लागला. आपल्याच फलंदाजाचा चेंडू लागला की धावणारा बाद. मात्र फलंदाजाच्या खात्यावर हिट जमा होतो. म्हणजे डाव ज्या फटक्यावर संपला तोच फटका हिशेबात यशस्वी. नऊ वर्षांच्या पोराला हे माहीत असणं शक्य नव्हतं. तिथे त्याने प्रश्नचिन्ह काढलंय. मला ते प्रश्नचिन्ह त्या पानावरचं सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

चौथ्या इनिंगमध्ये डॉजर्सचा कॅचर कॅम्पानेला डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका, मारून पुढे सरकला आणि त्याला घरी आणलं ते हॉजेसने. तोच, ज्याच्यासाठी देवाला साकडं घातलं होतं. सहाव्यात पुन्हा हॉजेस. उंच मारून स्वतः झेलबाद झाला पण तिसऱ्या बेसवरून शॉर्टस्टॉप रीस धावत आला. २-० . सामन्यातल्या सगळ्या धावा या दोनच, दोन्ही हॉजेसमुळे.

त्याच इनिंगमध्ये आणखी एक गोष्ट घडली, जी तेव्हा कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. आणखी धावा काढाव्यात म्हणून मॅनेजर वॉल्टर ऑल्स्टनने दुसऱ्या बेसवरच्या झिमरच्या जागी शूबाला फलंदाजीला पाठवलं. शूबा बाद झाला, बेत फसला. पण झिमर बाहेर गेल्यामुळे दुसरा बेस रिकामा पडला. तिथे गेला गिलियम, जो तोवर डावीकडे सीमेजवळ उभा होता. आणि गिलियमच्या रिकाम्या जागी आला सँडी अमोरोस. क्यूबाचा, पंचविशीतला, इंग्रजी बेताचंच. स्कोअरकार्डवर हे सगळं म्हणजे दोन आडव्या रेघा आणि एक नवीन नाव. आजोबांनी ते नाव एका 'एस'ऐवजी दोन 'एस' घालून लिहिलंय.

आता यांकीजची सहावी इनिंग. मार्टिनला फुकट बेस मिळाला. मॅकडूगल्डने बंट केलं, म्हणजे दांडका न फिरवता चेंडू हलकेच पुढ्यात टेकवला, आणि तोही पोचला. पहिल्या-दुसऱ्या बेसवर माणसं, एकही बाद नाही, आणि फलंदाजीला योगी बेरा. बेरा डावखुरा, चेंडू उजवीकडे ओढून मारणारा. म्हणून डॉजर्सचे सीमेकडचे तिघेही उजवीकडे सरकून उभे. डावी बाजू मोकळं रान.

बेराने मारला तो नेमका डावीकडे. उंच, मैदानाच्या कडेच्या फाउल लाइनला चिकटून, कोपऱ्यात.

आजोबांची आई त्याच खोलीत इस्त्री करत होती. रेडिओवरचा आवाज चढला, मागे साठ हजार माणसांचा गलका उठला, आणि आजोबा सांगतात की आईने इस्त्री उभी करून ठेवली आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यांनी स्वतः काय केलं? बेराच्या चौकटीत त्यांनी 'डबल' लिहून टाकलं. चेंडू अजून हवेत होता. शंकरपाळ्याच्या दोन बाजूही काळ्या केल्या. मार्टिनच्या चौकटीत धाव काळी केली, मॅकडूगल्डच्या चौकटीत धाव काळी केली. २-२. नऊ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी जे ऐकलं होतं त्यावरून पुढे काय होणार हे त्यांना ठाऊकच होतं, मग लिहायला वेळ कशाला लावायचा?

अमोरोस धावत होता. कुंपणाकडे, रेषेकडे, लांबच लांब. आणि त्याने उजवा हात पुढे केला.

उजवा, कारण तो डावखुरा फेकणारा. हातमोजा उजव्या हातात. गिलियम उजव्या हाताने फेकायचा, त्याचा मोजा डाव्या हातात. तो तिथे असता तर त्याला पळता पळता अंग वळवून, हात छातीवरून आडवा घालून चेंडू गाठावा लागला असता. वीतभर कमी पडलं असतं, बहुधा. शूबाचा फसलेला प्रयोग झाला नसता तर गिलियम तिथेच असता. स्कोअरकार्डात सगळ्याला रकाना आहे, मोजा कुठल्या हातात होता याला नाही.

चेंडू मोज्यात बसला. अमोरोसने कुंपणाला अडखळता अडखळता स्वतःला सावरलं आणि वळून रीसकडे फेकला. रीस डाव्या बाजूला मधोमध येऊन उभाच होता. त्याने फिरकी घेऊन पहिल्या बेसवर हॉजेसकडे. मॅकडूगल्ड, ज्याला आजोबांसारखीच खात्री होती, पार दुसऱ्या बेसपाशी पोचलेला. तो परत येईपर्यंत चेंडू हॉजेसच्या हातात. दोघे बाद. ७-६-३.

भोक तिथे आहे. बेराच्या चौकटीत. 'डबल' खोडताना खोडरबर इतकं घासलं की वहीचं पान फाटलं, आणि ७-६-३ लिहायला जागाच उरली नाही. ते बाहेर समासात लिहिलंय. मार्टिनची आणि मॅकडूगल्डची न झालेली धावही खोडलीय. तिथे कागद फाटला नाही पण करडा डाग अजून आहे. मी पान खिडकीशी धरलं तर भोकातून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसली.

त्यानंतरच्या इनिंग्ज मी जवळजवळ न वाचताच पुढे गेले. आठव्यात यांकीज पुन्हा दोघे चढले होते, बाऊअर 'के'. नवव्यात दोन बाद आणि शेवटचा फलंदाज एल्स्टन हॉवर्ड. हॉवर्ड हा यांकीजचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू; त्याच वर्षी, म्हणजे रॉबिन्सननंतर तब्बल आठ वर्षांनी, त्यांना त्याला घ्यावंसं वाटलं होतं. आणि स्वतः रॉबिन्सन या सामन्यात नव्हताच. पायाच्या दुखण्यामुळे ऑल्स्टनने त्याला बसवून तिसऱ्या बेसवर होकला खेळवलं. आयुष्यात एकदाच जगज्जेता झाला, आणि त्या दिवसाच्या कार्डावर त्याचं नाव नाही. हॉवर्ड वेगवान चेंडू फाउल लाइनबाहेर मारत राहिला, कॅम्पानेलाने आणखी एक वेगवान मागितला, पॉड्रेसने मान हलवून नकार दिला आणि संथ टाकला. हॉवर्डने मारला तो रीसकडे. रीस हा एकटाच असा, जो यांकीजकडून झालेल्या पाचही पराभवांत खेळला होता. रीस ते हॉजेस. ६-३. पावणेचार वाजायच्या सुमाराला ब्रुकलिन जगज्जेतं झालं होतं.

त्या शेवटच्या ६-३ कडे बघून मी विचारलं, "हे इतकं फिकं का?"

"तेव्हा मी थांबलो होतो," आजोबा म्हणाले. "हॉजेसने झेलला, सगळे ओरडले, तरी थांबलो. खाली रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजायला लागले तेव्हा लिहिलं. हात थरथरत होता."

पुढचं सगळ्यांना माहीत असतं म्हणून लवकर आटपते. १९५६ ला पुन्हा हेच दोन संघ, डॉन लार्सनचा तो परफेक्ट गेम, सत्तावीस आले आणि सत्तावीस गेले, आणि मालिका यांकीजची. मालक वॉल्टर ओमॅलीला अटलांटिक आणि फ्लॅटबुश ॲव्हेन्यूच्या नाक्यावर नवं स्टेडियम हवं होतं. शहराची सूत्रं हातात असलेल्या रॉबर्ट मोझेसने ती जागा दिली नाही, क्वीन्समध्ये फ्लशिंगला जा म्हणाला. ओमॅली गेला तो थेट लॉस एंजेलिसला. २४ सप्टेंबर १९५७ ला एबेट्स फील्डवर शेवटचा सामना झाला, हजेरी ६,७०२. १९६० मध्ये मैदान पाडायला आणलेला लोखंडी गोळा बेसबॉलसारखा रंगवलेला होता. ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला ब्रुकलिनमध्ये जेवायला कुणी वाढलं असेल, असा मला प्रश्न पडतो.

अमोरोसचं मात्र थोडं थांबून सांगायला हवं. तो क्यूबाला परतला, कास्ट्रोच्या सरकारने सांगितलेलं काम नाकारलं, घरदार-जमीन सरकारजमा झाली. १९६७ मध्ये रिकाम्या हाताने अमेरिकेत आला. पेन्शनला लागणाऱ्या सेवेत थोडे दिवस कमी पडत होते म्हणून डॉजर्सनी, लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी, त्याचं नाव तेवढ्यापुरतं हजेरीपटावर घातलं. पुढे मधुमेहाने एक पाय गेला. १९९२ मध्ये मायामीत वारला. ज्या पायांनी तो कोपरा गाठला, त्यातला एक. हे मी आजोबांना सांगितलं नाही, त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना पाटीकडे बघत होते.

मी एकदा मुलीला घेऊन फ्लॅटबुशला जाऊन आले. प्रॉस्पेक्ट पार्क स्टेशनवर उतरून बेडफर्ड ॲव्हेन्यूवर. उजवीकडची ती पाटीवाली भिंत याच रस्त्याला लागून होती. आता तिथे विटांच्या उंच इमारती, एबेट्स फील्ड अपार्टमेंट्स. बाल्कन्यांत कपडे वाळत होते. कोनशिलेवर लिहिलंय की इथे ते मैदान होतं. मुलीने विचारलं, पहिला बेस कुठे? मी अंदाजाने गाड्या लावायच्या जागेकडे बोट केलं. ब्राँक्समधलं जुनं यांकी स्टेडियमही २०१० मध्ये पाडलं. अमोरोसने झेल घेतला त्या जागी आता लोकांसाठी खेळायचं मैदान आहे. आणि अटलांटिक-फ्लॅटबुशच्या नाक्यावर २०१२ पासून बास्केटबॉलचं भलंमोठं स्टेडियम उभं आहे. तेवढं ओमॅलीचं बरोबर होतं म्हणायचं.

आजोबा बरोबर आले नाहीत. बोलावलं होतं. गुडघ्याचं कारण सांगितलं.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा डॉजर्स आणि यांकीज. आजोबांच्या लेखी हे डॉजर्स नव्हतेच; १९५७ नंतर त्यांनी ते नाव तोंडातून काढताना पुढे 'लॉस एंजेलिस' लावल्याशिवाय कधी काढलं नाही. पाचवा सामना, ३० ऑक्टोबर, यांकी स्टेडियम. मी वर त्यांच्या खोलीत, मांडीवर पाटी, दोघांकडे एकेक कार्ड. आम्ही टॅली करतो. ही सवय त्यांना मी लावली. इनिंग संपली की आकडे जुळवायचे, मग चहा. यांकीज ५-० ने पुढे, त्यांचा पिचर कोल कुणाला हातच लावू देत नव्हता. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला एकजण पहिल्या बेसवर पोचला. पुढच्या फलंदाजाने, एडमनने, सरळ सेंटर फील्डकडे मारला. अगदी सोपा. तिथे एरन जज, सहा फूट सात इंचाचा माणूस, दोन पावलं टाकून उभा. मी चहाच्या कपाकडे हात नेता नेता दुसऱ्या हाताने लिहून टाकलं: एफ-८. सेंटर फील्डकडे झेल.

चेंडू जजच्या मोज्याला लागून खाली पडला.

टीव्हीवर सगळं स्टेडियम आ वासून बघत होतं. मी माझ्या कार्डाकडे बघत होते. शेजारच्या कार्डावर एडमनची चौकट अजून कोरी होती. आजोबांनी त्यात सावकाश ई-८ लिहिलं, चूक आठ नंबरची, आणि टेबलावरचं गुलाबी खोडरबर एका बोटाने माझ्याकडे सरकवलं.